शिट्टीला मुंग्या

खुंटीवरच्या माझ्या ट्रॅकसूटला
मुंग्या लागतात.
बायको म्हणते, साठी जवळ आली,
खिशात साखर कसली बाळगता!
सकाळी शिट्टी ओठाला लावली
तर तीही गोड.

सांगतो.

डिसेंबर होता, कंपूच्या मैदानावर
ग्वाल्हेरचं ते धुकं, ज्यात गोलपोस्ट
फळीवर चेंडू आपटल्यावरच कळतो कुठे आहे.
शाल्मली फणसळकर, राइट विंग, वय पंधरा.
पास आला आणि ती चेंडूकडे नुसती बघत राहिली,
जसा कुणी परका पत्ता विचारायला थांबलाय दारात.
मी ओरडलो.
तीस वर्षं ओरडतोय, तेवढंच मला नीट येतं.
म्हटलं, झोप झाली नसेल तर घरी जा.
म्हटलं, दोन फेऱ्या जास्त.
आणि ती धावली.
हेच खुपतं अजून, की ती धावली.
दीड फेरीनंतर कोपऱ्यातल्या झेंड्याशी बसली,
त्या गारठ्यात घामानं निथळत,
आणि मला ‘बाबा’ म्हणाली.

गुलफ़शाँ, आमची गोलकीपर,
अंगावरचे सगळे पॅड वाजवत धावत आली.
उजव्या पॅडच्या पट्ट्यात ग्लुकोजची पुडी होती.
म्हणजे तिला माहीत होतं.
साऱ्या पोरींना माहीत होतं.
एका मलाच नाही.

फॉर्मवर तिच्या आईनं लिहिलं होतं,
आजार : काही नाही.
मला रागावता आलं नाही.
खरं लिहिलं असतं
तर मी पोरीला घेतलं नसतं,
हे त्या बाईला ठाऊक होतं
आणि आता मलाही.

दुसऱ्या दिवशी पावभर गजक घेऊन गेलो,
प्रायश्चित्त म्हणा.
शाल्मली हसली. सर, तीळ फार वेळ लावतात.
उतरायला लागली की नुसती साखर.
असा शिकत गेलो, पोरीकडूनच.
सुई कुठे टोचतात, इन्सुलिन उन्हात का ठेवायचं नाही,
सराव लांबला तर रात्री दोन वाजता
तिची आई उठून का बघते.
दंडावर रुपयाएवढी चकती असते तिच्या,
आकडे मोबाइलवर येतात, मोबाइल माझ्याकडे बेंचवर.
स्कोअरच्या आधी मी बाण बघतो,
आडवा आहे की खाली झुकलाय.
सामना चुरशीचा झाला की आकडा वर चढतो,
काहीही न खाता.
भीतीतही साखर असते
हे आमच्या कोचिंगच्या कोर्समध्ये नव्हतं.

मागच्या महिन्यात एका पंचानं ती चकती बघून
काढायला सांगितलं.
मी डॉक्टरांचं पत्र दाखवलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं.
त्यांनी दोनदा वाचलं.
मग शाल्मलीकडे बघून हळूच विचारलं, दुखतं का गं?
ती म्हणाली, हरल्यावर.

ओरडतो अजून. न ओरडून कसं चालेल?
फक्त आधी विचारतो, किती?
ती लांबूनच सांगते, एकशे दहा!
मग ओरडतो, पोटभर.
बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष आहे, खोकला आहे,
कधी कधी आकडा बरा असूनही ती उगाच गप्प असते.
ते कुठल्याच यंत्रात येत नाही.
अशा वेळी मी शेजारी बसून
तिच्या बुटांच्या नाड्या तपासल्यासारखं करतो.

परवा मुरारहून एक बाई आली,
सोबत दहा वर्षांची पोर, स्टिक तिच्याहून उंच.
फॉर्म भरताना बाईचं पेन
त्या रकान्यावर येऊन थांबलं.
मी काही बोललो नाही.
खिसा टेबलावर उलटा केला.
शिट्टी, साखरेच्या चार पुड्या,
तीन मुंग्या.

बाई बराच वेळ बघत होती.
मग लिहू लागली.
पोर तोवर एक मुंगी बोटावर घेऊन
बाहेर गेली होती,
निळ्या टर्फच्या कडेला तिला सोडायला.